इनपुटमध्ये नसलेली ओळ

इथले अनुभव मी गेली दोन-तीन वर्षं नियमित वाचतोय, आणि खोटं कशाला बोलू — करमणूक म्हणून वाचतोय. कुणाला जिन्यात पैंजण ऐकू येतात, कुणाची गाडी घाटात आपोआप जड होते... त्यातल्या काहींच्या खाली मी दुसऱ्या नावाने खवचट प्रतिक्रियाही टाकल्या आहेत. 'आधी क्लच प्लेट तपासा, मग भूत' असं लिहिणारा तो मीच. ज्यांना लागलं असेल त्यांनी माफ करावं. मांजर आडवं गेलं की मी ब्रेक मारतो तो मांजरासाठी, एवढाच माझा आणि अपशकुनाचा संबंध होता. आज लिहायची पाळी माझ्यावर आली आहे, आणि तुम्ही खाली काय लिहाल तेही मला माहीत आहे. लिहा. फक्त शेवटपर्यंत वाचून लिहा.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. विश्रांतवाडीत राहतो, ऑफिसही आळंदी रोडलाच — खाली टाइल्सचं दुकान, वर आम्ही वीसेक माणसं. घरी मी आणि आई, दोघंच. माझं लग्न झालेलं नाही. त्या विषयावर आई वेगळा धागा काढू शकेल.

आम्ही मूळचे वर्धा जिल्ह्यातले, आर्वीकडचे. मला एक मोठा भाऊ आहे, विलासदादा. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. 'आहे' असंच म्हणतो आम्ही. तो माझ्या आधी पुण्यात आला, खडकीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी तो खोलीतून कामाला निघाला आणि कामावर पोचला नाही. मोबाइल खोलीतच चार्जिंगला लावलेला. भांडण नाही, आजार नाही, प्रेमप्रकरण नाही... पोलिसांत तक्रार झाली, हॉस्पिटलं पालथी घातली, स्टेशनांवर फोटो लावले. बाबा वाट बघता बघता गेले. शिक्षण संपल्यावर मी पुण्यातच नोकरी धरली ती दादासाठीच, आणि आईलाही घेऊन आलो. आई आजही अनोळखी नंबरचा फोन पहिल्या रिंगला उचलते. दिवसातून चार जण तिला क्रेडिट कार्ड विकायला बघतात आणि ती प्रत्येकाचं सगळं ऐकून घेते.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसात एक काम आलं. एका सेवाभावी संस्थेने वेगवेगळ्या राज्यांतल्या आश्रमांकडून, निवाऱ्यांकडून तिथल्या निराधार लोकांच्या नोंदी गोळा केल्या होत्या. कळलं असेल तर नाव, अंदाजे वय, अंगावरच्या खुणा, सवयी, ठिकाण. प्रत्येक आश्रमाचा तक्ता वेगळा. ते सगळं एकत्र करून एक माणूस — एक ओळ, अशी एकच मोठी फाइल बनवायची, म्हणजे पुढे नातेवाइकांना त्यात शोधता येईल. काही लाख ओळी होत्या. काम कोण घेतं विचारल्यावर मी हात वर केला. कारण कुणाला सांगितलं नाही. डेटा हातात आल्यावर पहिल्या तासात मी दादाचं नाव शोधलं, आडनाव शोधलं, आर्वी, वर्धा, सगळ्या चुकीच्या स्पेलिंगांसकट... काहीच नव्हतं. असू दे म्हटलं. सवय होती.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं करून सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. मी जो प्रोग्राम लिहिला तो शिकाऊ पद्धतीचा होता. एक मजकूर घ्यायचा, त्याच्या शेवटी एक ओळ जोडायची, मग पुढची, मग पुढची. नमुन्याच्या हजारभर ओळींवर तो झटकन चालला. पण यात एक मेख असते. कॉम्प्युटर नुसती ओळ जोडत नाही. तो आधीचा सगळा मजकूर नव्या जागी पहिल्यापासून परत उतरवतो आणि मग खाली ती एक ओळ लिहितो. म्हणजे वहीत एक ओळ वाढवायची म्हणून दर वेळी नवी वही घेऊन पहिल्या पानापासून सगळं पुन्हा लिहायचं. लाखो ओळींना हे केलं की काय होईल? सकाळी नऊला लावलेला प्रोग्राम संध्याकाळी सहाला संपायचा.

आमचे टीम लीड देवधर सर. अस्सल पुणेकर. ते म्हणाले, "नऊ ते सहा? वा! मधे डबा खायला उठतो का हो तो? प्रोग्राम लिहिलाय का कारकून नेमलाय?"

उपाय मलाही माहीत होता. ओळी सुट्या सुट्या एका यादीत टाकत जायच्या आणि शेवटी एकदाच सगळ्या जोडायच्या. पाच-सहा ओळींचा बदल. "करतो सर," म्हणालो आणि आळसाने केला नाही.

सोमवारी पहिल्यांदा सगळा डेटा चालवला. इनपुटच्या ओळी आणि आउटपुटच्या ओळी मोजून बघितल्याशिवाय उठायचं नाही, ही सरांची शिस्त. मोजल्या. आउटपुटमध्ये एक जास्त. फाइलच्या अगदी शेवटी ती होती — नंबर रिकामा, नाव रिकामं, वय रिकामं, ठिकाण रिकामं. फक्त खुणांच्या रकान्यात लिहिलेलं: 'नाव सांगत नाही.'

हे वाक्य इनपुटमध्ये ढिगाने आहे. कुठली तरी ओळ मधेच तुटली असणार म्हणून मी सोडून दिलं. मंगळवारी मोजणी जुळते का बघायला तोच डेटा, तोच प्रोग्राम पुन्हा लावला. संध्याकाळी शेवटची ओळ: 'नाव सांगत नाही. हनुवटीखाली टाके.'

दादाच्या हनुवटीखाली टाके आहेत. पण हनुवट्या लाखांच्या फुटतात. मी घरी जाऊन जेवलो, झोपलो. बुधवारी त्यात भर पडली: 'दुधाचा चहा घेत नाही.' आमच्या घरी दादासाठी कोऱ्या चहाचं वेगळं पातेलं होतं, कारण दुधाच्या चहाने त्याला मळमळायचं. मी खुर्चीतच बसून राहिलो. मग देवधर सरांना बोलावून ओळ दाखवली — दादाचं काही सांगितलं नाही, फक्त एक ओळ जास्त येते म्हणालो.

"अहो, कुठेतरी मधेच एन्टर पडला असेल. डेटा धुवून घ्या, भुतं आपोआप जातात," असं म्हणून ते निघून गेले.

गुरुवारी आलं: 'घरी बुढ्या म्हणतात.'

हे नाव आईने ठेवलेलं. चार वर्षांचा असताना दादा आलेल्या पाहुण्यांना मोठ्या माणसासारखं विचारायचा, 'यंदा कपाशी कशी काय?' म्हणून तो बुढ्या. हे नाव पोलिसांच्या तक्रारीत नाही, शाळेच्या दाखल्यावर नाही, खडकीच्या वर्कशॉपमध्ये कुणाला माहीत नाही. आमच्या चार जणांबाहेर ते कुठे गेलेलंच नाही.

मी पुन्हा सरांना बोलावलं आणि या वेळी सगळं सांगितलं. त्यांनी स्वतः इनपुट शोधलं. 'बुढ्या' हा शब्द इनपुटमध्ये एकदाही नव्हता. प्रोग्राममध्ये तर नव्हताच. ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"अहो, भाऊ हरवलाय हे सांगायचं नाही का?" मग म्हणाले, "हे काय आहे मला माहीत नाही. पण चालणाऱ्या गोष्टीला हात लावायचा नाही, हा आपल्या धंद्यातला पहिला नियम. प्रोग्राम आहे तसाच ठेवा. संस्थेला काय सांगायचं ते मी बघतो."

त्या संध्याकाळी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून घरी नेला. आईने चष्मा लावून तो दोनदा वाचला. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. "कोणं लिवलं हे?" तिने विचारलं. माहीत नाही म्हणालो. "उद्या अजून येते का?" म्हणाली. मी म्हणालो, येईल बहुतेक.

शुक्रवारी आलं: 'उजव्या कानाने कमी ऐकू येतं.' हे आम्हाला माहीत नव्हतं. दादाचे कान उत्तम होते. आता मात्र आई रडली. "कान काहून गेला असंन रे त्याचा? कोणी मारलं का त्याले?" रात्रभर तिचं तेच. शनिवारी सुट्टी असून मी ऑफिसला गेलो, नऊला प्रोग्राम लावला. सहाला आलं: 'स्वयंपाकघरात भाजी चिरतो.' आई एकदम टवटवीत झाली. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आहे म्हणजे पोटाला मिळत असेल.

"कांदा झोंबते त्याले," ती म्हणाली. "डोये पुसाले कोणी हाय का, इचार बरं."

"आई, त्याला विचारता नाही येत. ते फक्त सांगतं."

"मंग काय कामाचं तुहं कंपुटर?"

त्या दिवशी आम्ही दोघं हसलो. नऊ वर्षांत आमच्या घरात दादाच्या विषयावर कुणी हसलं नव्हतं.

सोमवारी आलं: 'खिडकीतून नदी दिसते.' आता ओळ माणसावरून जागेवर यायला लागली होती. आईला बसवेना, स्वयंपाकघरातून बाहेर आणि बाहेरून आत. "काहून रे, एका दिवसाले एवढंसंच काहून येते? कोणती नदी, कोणतं गाव, थे पाह्यजे ना! जरा घाई कर म्हणा त्या मशीनले. मी काय जन्मभर पुरते?"

मंगळवारी संध्याकाळी ओळीच्या शेवटी लिहिलेलं होतं: 'तीन दिवसांपासून ताप आहे.'

आई जेवली नाही. बुधवारी सकाळी डबा हातात देताना एवढंच म्हणाली, "आज लवकर पाह्यजो."

आता मी काय केलं ते नीट वाचा, कारण इथे आयटीतले बरेच जण आहेत आणि माझी खात्री आहे, तुम्हीही हेच केलं असतं. मी ऑफिसला जाता जाता डोक्यात आकडेमोड केली. एकदा चालायला नऊ तास, आणि एका वेळी एक तुकडा. तोच प्रोग्राम जर काही सेकंदांत चालला, तर अर्ध्या तासात शंभर तुकडे. नदीचं नाव, गावाचं नाव, आश्रमाचं नाव, फोन नंबर... दुपारपर्यंत मी गाडीत असेन. सरांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. बसलो आणि तो सहा ओळींचा बदल केला. मजकुराला एक-एक ओळ जोडत जाणं काढून टाकलं, ओळी यादीत, आणि सगळ्यात शेवटी एकच जोड.

सात सेकंद लागले. नऊ तासांचे सात सेकंद. एरवी असं काही जमलं असतं तर मी सगळ्यांना मिसळ खायला घातली असती.

मोजलं. इनपुटइतक्याच ओळी आउटपुटमध्ये. बरोब्बर. एकही जास्त नाही.

पुन्हा चालवलं. बरोब्बर. पुन्हा. चाळीसपर्यंत मोजलं, पुढे मोजायचं सोडलं. प्रत्येक वेळी सात सेकंद आणि प्रत्येक वेळी शेवटची ओळ कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातल्या दुसऱ्याच म्हाताऱ्याची. मग मी घाबरलो. बदल मागे घेतला, मंगळवारचा प्रोग्राम अक्षर न अक्षर होता तसा परत आणला आणि लावला. अकरा वाजले होते. तो संध्याकाळी आठला संपला. सर तोवर थांबले होते, मी त्यांना सगळं कबूल केलं होतं आणि ते एक शब्दही लागेल असं बोलले नव्हते. बोलले असते तर बरं झालं असतं. दोघांनी मिळून मोजलं. बरोब्बर.

त्यानंतर तोच प्रोग्राम, तोच डेटा, तोच कॉम्प्युटर, रोज नऊच्या ठोक्याला. काही नाही. सरांनी मंगळवारच्या बॅकअपमधला डेटा आणला, दुसऱ्या मशीनवर चालवला, मशीनची तारीखसुद्धा मागे नेऊन बघितली. शेवटी म्हणाले, "मला कळत नाही." पाच वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. संस्थेला अखेर वेगवान प्रोग्राम दिला आणि त्यांचं कौतुकाचं पत्र आलं. ते मी उघडलं नाही.

मग जे हातात होतं ते केलं. डेटामध्ये आश्रमांचे पत्ते होते, त्यातले नदीकाठचे शोधून फोन करत बसलो. भाजी चिरणारा, हनुवटीखाली टाके असलेला, एका कानाने कमी ऐकणारा कुणी आहे का? आपल्या देशात नदी दिसत नाही असा आश्रम सापडणं कठीण आहे, हे मला तेव्हा कळलं. काहींनी आपुलकीने शोधलं, काहींनी 'पुढच्या आठवड्यात करा' म्हणून ठेवून दिला. एका रविवारी आईला स्कूटरवर घेऊन आळंदी रस्त्याने पुढे एका छोट्या निवाऱ्यात गेलो. खिडकीतून नदी दिसत होती. स्वयंपाकघरात चार पुरुष खाली बसून भाजी चिरत होते. आई खाली वाकून एकेकाची हनुवटी बघत गेली. त्यांनीही बघू दिली, शहाण्या मुलांसारखी मान वर करून. तिथल्या स्वयंपाकीण बाई म्हणाल्या, "ताई, हितं धाजण हायेत, पर तुमी म्हंता तसा न्हाई कुनी. आला तर म्या कळवीन, नंबर द्या."

सगळ्यात अवघड होती ती रोजची संध्याकाळ. मी घरी आलो की आई दारातच विचारायची, "आज काय आलं?" पहिल्या दिवशी प्रोग्राम बिघडलाय म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा बघवला नाही आणि मी म्हणालो, "ताप उतरला, असं आलंय." ती खाली बसली आणि तिने पोटभर जेवण केलं. मग मी थांबलो नाही. 'भूक लागते.' 'नवीन स्वेटर मिळाला.' 'रात्री शांत झोपतो.' रोज एक. ऑफिसातून निघताना उद्याचं काय सांगायचं याचा विचार करत मी सिग्नलला उभा राहायचो. तिला फोटो दाखवावा लागू नये म्हणून मोबाइलची स्क्रीन फुटल्याची थापही मारली.

आठवडाभर चाललं हे. एके दिवशी मी 'सगळ्यांशी हसून बोलतो' असं सांगितलं. आई ताट वाढत होती, ती थांबली.

"हे तू लिवतं, नाही का रे?"

मी तांब्यातून पाणी ओतून घेतलं.

"आधी बेकार बी येत होतं. कान गेला, ताप आला. आता समदं चांगलंच येऊन राह्यलं." तिने वरण वाढलं, ताट माझ्यासमोर सरकवलं. "कधीपासून बंद हाय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं — नऊ तास, सात सेकंद, आणि मी लवकर करायला गेलो ते. ती ऐकत होती. तिला प्रोग्राममधलं काही कळत नाही, पण 'लवकर' हा शब्द कळला. मग तिने विचारलं, "माह्यामुळं थांबला का थो? म्याच म्हणलं होतं घाई कर म्हणून."

"नाही गं आई. तुझा काय संबंध? मशीनचं काहीतरी असतं ते."

"तुले पक्कं माहीत हाय?"

"हो," म्हणालो.

मला काहीही माहीत नाही. तेव्हा नव्हतं, आज लिहिताना नाही. ती ओळ कुठून यायची, संथ चालताना का यायची, जोर लावल्यावर का गेली आणि जुना प्रोग्राम परत आणल्यावर परत का आली नाही... यातल्या एकाचंही उत्तर माझ्याकडे नाही, सरांकडे नाही. मोबाइलमध्ये गुरुवारपासूनचे पाच फोटो आहेत. ते इथे टाकत नाही, कारण असली ओळ कोणीही टाइप करू शकतं आणि मीच खाली तसं लिहिलं असतं. आई माझ्या 'हो' वर विश्वास ठेवत नाही. ती आता घाई करायला घाबरते. गॅसवर दूध उतू जात असलं तरी सावकाश उठते. बस आली तरी धावत नाही, जाऊ देते.

म्हणून लिहितोय. भुताखेताचं मला नको आहे. तुमच्यात कुणी जाणकार असेल — मेमरीचं, ऑपरेटिंग सिस्टिमचं, कशाचंही — आणि त्याला यात एखादं साधं, किरकोळ कारण दिसत असेल, ज्यात आईच्या बोलण्याचा काही हात नाही, तर दोन ओळींत लिहा. मी तिला वाचून दाखवीन. माझ्या मनाचं काही रचून सांगायला गेलो तर ती लगेच ओळखते.